पाचवं शील

दारू सुटलेल्या माणसाचं कौतुक करायची आमच्या लोकांना भारी घाई. माझा धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला आणि विहारातल्या मंडळींनी लगेच त्याला संध्याकाळी पोरांचा अभ्यास घ्यायला बसवलं. तिथवर ठीक होतं. अर्धवट सोडलेलं बी.ए.ही त्यांनी पुन्हा सुरू करायला लावलं. विश्रामबागेतल्या कॉलेजात मीच त्याला घेऊन गेले, चाळिशीतल्या विद्यार्थ्याची पालक म्हणून. आई रोज बुद्धांपुढे मेणबत्ती लावून त्याच्यासाठी हात जोडायची.

मग एका रविवारी मंडळींनी वंदना सांगायचा मान त्याला दिला. आमच्यात एकानं पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. सांगणारा थांबला की सगळेच थांबतात. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारूला न शिवण्याचं. पीत होता तेव्हा हा पठ्ठ्या दर जयंतीला झिंगून यायचा आणि पाचवं शील सगळ्यांहून मोठ्यानं म्हणायचा. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची.

त्या दिवशी चौथं म्हणून झालं आणि तो गप्प झाला. सगळे हात जोडून बसलेले. मला वाटलं, विसरला.

आई कुजबुजली, "म्हण की रं."

"काल घेतली, आये."

दातओठ खात मी म्हणाले, "मग म्हणून मोकळं व्हायचं! चारचौघांत तमाशा कशाला?"

"आत्ताच खोटं बोलणार न्हाई म्हटलं न्हवं, आक्का."

शेवटी आईनंच पाचवं शील सांगितलं आणि सगळ्यांनी तिच्यामागून म्हटलं. माझ्या तोंडून ते निघेना.

बाहेर चपला घालताना तो म्हणाला, "मला परत केंद्रात नेऊन सोड. आजच."

आजवर दर वेळी मीच त्याला शिव्या घालत, ओढत तिथं नेलं होतं. आज तो आपणहून मागत होता, आणि माझ्यात आशा धरायचं त्राणच उरलं नव्हतं. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं.

"नगं धरू," तो म्हणाला. "नुसती संगं चल."