कौसाबाईचा नाला

जनहित याचिका चालवणाऱ्या वकिलाकडे लोक येतात, चहा पितात आणि जाताना एखादा किस्सा मागे ठेवून जातात. माझ्याकडे असे पुष्कळ साचलेत. पण मंडळी जमली की आधी आठवतात ते कौसाबाईचेच. हसत सांगते खरी, पण तेव्हाची भीती अजून गेलेली नाही.

*

अमडापूरकडच्या एका खेड्यातली बौद्ध वस्ती नाल्याच्या अलीकडे, त्यांची स्मशानभूमी पलीकडे. पावसाळ्यात कोणी गेलं की तिरडी पाण्यातून न्यायची. पूल मागायला सगळी वस्ती माझ्या ऑफिसात आली. सगळ्यांत पुढे कौसाबाई, ऐंशीच्या घरातली. मी फाईल उघडायच्या आधीच म्हणाली, "वकीलबाई, मले पान्याचं लय भेव वाटते. मी मरायच्या आंधी पूल करून द्या."

आजवर कुठल्याच अशिलानं मला अशी मुदत घातली नव्हती!

*

सुनावणीत समोरच्या वकिलांनी नकाशा काढला. त्यावर नाल्यावरून सरळ रेघ. रस्ता आहेच, म्हणाले. कौसाबाई मागच्या बाकावर बसून ऐकत होती. बाहेर आल्यावर तिनं शांतपणे विचारलं, मले त्या कागदावरून नेतीन काय?

मला हसू आलं. पण त्या पावसाळ्यात वस्तीतून फोन आला की उचलायला हात धजायचा नाही.

*

पुढे स्मशानभूमीच्या अशा रस्त्यांसाठी सरकारनं धोरण करायचं ठरवलं आणि मसुदा लिहायला मलाच मंत्रालयात बोलावलं. वकिलाची सवय, पुराव्याशिवाय चैन पडत नाही. मी लिहिलं, 'मागील पावसाळ्यात अंत्यविधीस अडचण आल्याचा पुरावा जोडावा.' वाक्य मला तेव्हा आवडलंही होतं.

पहिला अर्ज परत गेला तो कौसाबाईच्याच गावाचा. मागच्या पावसाळ्यात वस्तीत कोणी वारलंच नव्हतं!

तिचा फोन आला. "म्हंजे आता कोनी मरा लागते काय?"

मी म्हटलं, कलम बदलून घेते. मग तिनं विचारलं, हे लिहिलं कोणी? मी म्हणाले, समितीनं. कोर्टात कधी खोटं बोलले नाही, तिच्याशी बोलले. फार लाज वाटली.

*

कलम बदललं. पुराव्याऐवजी अधिकाऱ्यानं जागेवर जाऊन पाहणी करावी, असं लिहिलं. कधी करावी, ते लिहायचं राहिलं. साहेब मे महिन्यात गेले. नाला ठणठणीत कोरडा. जीप थेट स्मशानभूमीपर्यंत गेली आणि शेरा पडला, 'मार्ग वाहतुकीस योग्य'.

त्याच उन्हाळ्यात कौसाबाईनं अंथरूण धरलं. मी मंत्रालयात बसून रोज पावसाचा अंदाज बघायचे. माझ्या दोन ओळींत तिची दोन वर्षं गेली होती.

*

तिसऱ्यांदा मी 'पाहणी पावसाळ्यातच' असं लिहिलं आणि ऑगस्टात साहेबांबरोबर स्वतः गेले. नाला भरून वाहत होता. साहेब छत्री धरून काठावर उभे राहिले. इथून पाणी फार खोल वाटत नाही, म्हणाले, आणि लिहायला पेन काढलं.

मी बोलणार, तेवढ्यात वस्तीकडून तिरडी येताना दिसली. चौघांच्या खांद्यावर, पांढऱ्या कापडाखाली लहानसं शरीर. मागे सगळी वस्ती. विचारायचीही हिंमत झाली नाही. उशीर झाला, आणि तो माझ्यामुळे झाला, एवढंच डोक्यात होतं.

साहेब माणूस भला. त्यांनी छत्री मिटली, बूट काढले आणि रीतीप्रमाणे तिरडीमागे निघाले. त्यांच्यामागे मी.

मधोमध पाणी त्यांच्या कमरेच्या वर गेलं. पाय घसरला तसा त्यांनी तिरडीचाच बांबू धरला. आणि कापड हललं. आतून एका सुरकुतलेल्या हातानं ते तोंडावरून बाजूला केलं. कौसाबाईचे डोळे भीतीनं घट्ट मिटलेले होते.

"साहेब," ती म्हणाली, "लिवा आता, किती पानी हाय ते."