शिवलेलं निशाण

बोट तोंडात घालून ओलं करायचं आणि डोक्यावर उभं धरायचं. टाकानिनीतल्या, म्हणजे परदेशातल्या आमच्या उपनगरातल्या, शेजारच्या काकू कपडे वाळत घालण्याआधी असा वारा पाहायच्या. सुनेने फोनवरचं हवामान दाखवलं तर म्हणायच्या, "फोनला काय अंग आहे?" आणि काही बिनसलं की त्यांचं वाक्य ठरलेलं, "अजून निकाल लागलेला नाही." थंडीत दही लागलं नाही तरी हेच, डॉक्टरांनी गुडघा गेला म्हणून सांगितलं तरी हेच.

तुमच्याही शेजारात असं कोणी असेल. हरलो हे मान्यच न करणारं. अशा माणसाबरोबर राहणं सोपं नसतं, पण त्याच्याशिवाय शेजार सपक लागतो.

मी परभणीकडच्या लहान गावातला, घरातला पहिला पदवीधर. मोठ्या माणसाने, त्यातही इंग्रजीतून, काही सांगितलं की मान डोलवायची, एवढं नीट शिकून मी इथे नोकरीला आलो होतो. काकू रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या. शाळेत शिवण आणि हस्तकला शिकवून निवृत्त झालेल्या. मुलाकडे राहायला आल्या होत्या.

आमच्या नव्या वसाहतीत पावसाचं पाणी साठवायला एक तळं केलेलं आहे. नारळी पौर्णिमेला, इथे ऑगस्टात हिवाळा असतो, त्या ऐन थंडीत, काकू नारळ घेऊन तिकडे निघाल्या. सोबतीला मी.

"काकू, हा समुद्र नाही."

"पाणी शेवटी समुद्रालाच जातं ना? मग पोचेल."

नारळ पोचला नाही. तो तळ्याच्या मधोमध डुलत राहिला आणि समोरून येणारं एक तीन डोलकाठ्यांचं जहाज त्यावर आपटलं. लांबीला हातभर, लाकडी, देखणं. त्याची पुढची काठी मोडली. पलीकडच्या काठावरून हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, घातलेले एक गोरे म्हातारे ओरडले, "तोफेचा गोळा कोणी टाकला?"

उमेदीत मालवाहू जहाजांवर काम केलेले हे गृहस्थ आमच्याच गल्लीतले निघाले. काकूंनी त्यांचं नाव कप्तान ठेवलं. जहाज म्हणजे इंग्रजांच्या जुन्या फ्रिगेटची, शिडाच्या युद्धनौकेची, छोटी प्रतिकृती. काकू कुठल्या, हे कळल्यावर त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं, की अशाच एका फ्रिगेटने तुमच्या किनाऱ्यावर चाच्यांच्या गुराबेशी, म्हणजे तिथल्या लढाऊ जहाजाशी, दिवसभर लढून त्यांना पळवून लावलं होतं.

काकू थांबल्या. "यांना विचार, पळालं कोण? ही गोष्ट माझ्या आजोबांनीही सांगितलीय. वारा पडला तेव्हा यांचं जहाज खांबासारखं उभं होतं, आणि आमच्या गुराबेला गलबतं वल्ही मारत ओढत होती. संध्याकाळी वारा सुटला. हे मुंबईला गेले, आम्ही खाडीत गेलो. दोघंही घरी गेले. मग हरलं कोण?"

मी म्हणालो, "त्या म्हणताहेत, तुमचं जहाज फार सुंदर आहे."

"अरे, इंग्रजी कळतं मला," काकू म्हणाल्या. "बोलायला अडखळते म्हणून तुला आणलाय. माझ्या बोलण्यात पाणी घालू नकोस."

त्या आठवड्यात काकूंनी गुराब बांधायला घेतली. पातळ फळ्या, जुन्या पंच्याची शिडं, पुढे निमुळतं टोक. गुराब डावीकडे कलायची. मुलगा म्हणाला, "आई, बुडेल ही." काकू म्हणाल्या, "अजून निकाल लागलेला नाही."

मग दर रविवारी तळ्यावर लढाई. सुकाणू आणि शिडं बांधून दोन्ही जहाजं समोरासमोरच्या काठांवरून सोडायची. कधी फ्रिगेट आधी पोचायची, कधी गुराब. दर वेळी कप्तान डिवचायचे, "चाचे पळाले!" काकूंचा व्हिसा उन्हाळ्यात संपणार होता. त्या मला म्हणाल्या, "चाचे आणि पळाले, हे दोन शब्द त्यांनी मागे घेतल्याशिवाय मी विमानात बसणार नाही."

संधी आली ती वसाहतीच्या मेळाव्यात. एकीकडे सॉसेज भाजत होते, तळ्याभोवती लोक जमले होते, कप्तानांच्या हातात माईक. त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, की शेवटी गुराबेचं निशाण ते सगळ्यांसमोर उतरवणार. त्यासाठी त्यांनी स्वतःच त्याला एक बारीक दोरी बांधून दिली होती. काकू हसून "ओके, ओके" म्हणाल्या होत्या. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

जहाजं सुटली. तळ्याच्या मध्यावर वाऱ्याने दिशा बदलली आणि दोन्ही एकाच लव्हाळ्यात जाऊन अडकली. पोचलं कोणीच नाही. तरी कप्तानांनी गुराब उचलली, "चाचे शरण आले!" अशी घोषणा केली आणि दोरी ओढली.

दोरी हातात आली. निशाण जागेवर.

पुन्हा चिमटीत धरून ओढलं. निशाण हलेना. काकूंनी ते डोलकाठीभोवती गुंडाळून दुहेरी दोऱ्याने टीप मारून शिवलं होतं.

लोक हसले. मुलगा पुटपुटला, "आई, लेट इट गो ना." काकू पुढे झाल्या. "सांग यांना. आपल्याच किनाऱ्यावर आलेल्या जहाजाकडे जकात मागणारा चाचा नसतो. आणि हे निशाण खाली येणार नाही. हात दुखेपर्यंत ओढा म्हणावं."

सगळे माझ्याकडे पाहत होते. पण मी शब्दन् शब्द सांगितला, हात दुखण्यासकट. पाणी घातलं नाही.

कप्तानांनी वाकून ते टाके पाहिले. मग लख्ख ऊन पडलेल्या आकाशाकडे पाहून माईकवर म्हणाले, "अंधुक प्रकाशामुळे खेळ थांबवण्यात येत आहे. सामना अनिर्णित. दोन्ही नेव्हींसाठी टाळ्या!"

काकूंनी माझा दंड धरला. "नेव्ही म्हणाला ना?"

"नेव्हीच म्हणाले, काकू."

"मग चल. बॅग भरायचीय."

गुराब त्यांनी कप्तानांकडे ठेवली. मला बजावलं, "सांग त्यांना, कैदी नाही. पाहुणी आहे."

दोन वर्षांनी रत्नागिरीहून काकू गेल्याची बातमी आली. मी कप्तानांच्या कुंपणापाशी जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी बोट तोंडात घालून ओलं केलं आणि डोक्यावर उभं धरलं.

ऑगस्टमध्ये ते ओटाहुहु भागातल्या भारतीय दुकानातून नारळ घेऊन आले. आम्ही तळ्यावर गेलो. नारळ सोडला, मागोमाग दोन्ही जहाजं. गुराब अजून डावीकडेच कलत होती, निशाणाचा रंग उडाला होता. पळायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "कोण जिंकतंय?"

कप्तान माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "अजून निकाल लागलेला नाही."

फ्रिगेट काठाला लागली तशी मी ती उचलून त्यांच्या हातात दिली. देताना सहज लक्ष गेलं. तिचंही निशाण आता डोलकाठीला शिवलेलं होतं. टाके मोठे होते, वेडेवाकडे, पण दोरा दुहेरी होता.