पाट तीन, पाहुणे चार

एरर सुटली की आमच्या ऑफिसात ती कुणालाच आठवत नाही. ती सुटताना कोण कुणाला काय बोललं, ते मात्र दर चहाला वाढत जातं. माझ्याकडे हा साठा जरा जास्तच आहे, कारण निम्म्या एरर माझ्याच!

स्वारगेटजवळ तिसऱ्या मजल्यावर आमची छोटी कंपनी. लॅबचे रिपोर्ट देणारं सॉफ्टवेअर बनवतो. बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा टीम लीड नितीन गोड आवाजात म्हणाला, "तीन महिने बघू. जमलं तर कोडिंग, नाहीतर सपोर्टचे फोन." सपोर्टची शिफ्ट रात्री नऊपर्यंत. लेकीचं सदाशिव पेठेतलं पाळणाघर साडेसहाला बंद. म्हणजे माझ्यासाठी सपोर्ट म्हणजे राजीनामाच. हे नितीनला सुचलं नाही आणि मला सांगायचा धीर झाला नाही.

माझं नशीब, की मला सरोज मॅडमच्या शेजारची खुर्ची मिळाली. वय अठ्ठावन्न, राहायला खडकीला, डेटाबेस तोंडपाठ. त्यांचा नियम एकच. एरर आली तर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, छापून आणायची, पेन्सिलीनं रिकाम्या जागा भरायच्या आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायची. दुसऱ्याच्या कीबोर्डला त्या बोट लावत नाहीत. "चूक तुझी, बोटंही तुझीच हवीत."

* * *

डेटाबेसला प्रश्न विचारताना आम्ही नाव, वय, तारीख थेट लिहीत नाही. तिथं प्रश्नचिन्ह टाकून जागा सोडतो आणि व्हॅल्यू वेगळ्या देतो. ड्रायव्हर नावाचा मधला प्रोग्रॅम दोन्ही घेऊन जातो. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझी क्वेरी तोंडावर फेकली.

मी कागद घेऊन मॅडमकडे गेले. नाव भरलं, वय भरलं, तारीख भरली. हातात फोन नंबर उरला.

"पाट किती मांडलेस?"

"तीन."

"पाहुणे किती बोलावलेस?"

"...चार."

"मग ड्रायव्हरनं काय करायचं? चौथ्याला मांडीवर घ्यायचं?"

* * *

अक्षय अकोल्याचा. हुशार पोरगा, पण कागदबिगद त्याला कमीपणाचं वाटायचं. त्याची क्वेरी सकाळपासून अडलेली. ड्रायव्हरचं एकच पालुपद: जागा शून्य, व्हॅल्यू एक.

"शून्य कशी म्हन्ते बाप्पा? हे काय डोळ्यासमोर दिसते ना प्रश्नचिन्ह!"

जेवणाआधी तो मुकाट कागद घेऊन आला. त्यानं प्रश्नचिन्ह अवतरणचिन्हांत घातलं होतं. अवतरणात काहीही आलं, की ड्रायव्हर त्याला नुसता मजकूर समजतो, जागा नाही.

मॅडम म्हणाल्या, "पाटाचं चित्र काढून पाहुण्याला बसायला सांगतोयस. तो उभाच राहणार!"

* * *

नितीनही सुटला नाही. डेटाबेसमध्ये प्रत्येक लॅबचं टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, वेगळं. त्यानं टेबलाच्या नावाच्या जागीही प्रश्नचिन्ह टाकलं आणि लॅबचं नाव व्हॅल्यू म्हणून पाठवलं. एरर! प्रश्नचिन्हाच्या जागी माहिती बसते, टेबलाचं नाव नाही. मग ड्रायव्हरच भंगार आहे, व्हर्जन बदलू, असं अर्धा तास भाषण.

मॅडमनी चष्मा पुसला. "नितीन, ऐनवेळी पाहुणा बदलता येतो. मंगल कार्यालय बदलता येत नाही."

त्या दिवशी आम्ही सगळे खाली बघून हसलो. नितीनसुद्धा.

* * *

तीन महिने संपायला दोन दिवस. नितीनच्या पांढऱ्या बोर्डावर सपोर्टच्या रकान्यात माझं नाव चढलेलं. आणि दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरचं नवं रिलीज.

टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. पण पाळणाघराच्या पिशवीतले डायपर तीनदा मोजणारी बाई मी. सगळ्या टेस्टमध्ये पेशंट क्रमांक एक आणि तपासणी क्रमांक एक. मी उगाच पेशंट सात, तपासणी बारा टाकून पाहिलं. रिपोर्ट आला. बारा नंबरच्या पेशंटचा!

एरर नाही, काही नाही. पाट दोन, पाहुणे दोन, दोघंही आकडेच. फक्त जागा अदलाबदल झालेल्या; टेस्टमध्ये दोन्हीकडे एकच आकडा, म्हणून ते दिसलंच नव्हतं. ड्रायव्हर कशाला ओरडेल?

क्वेरी कुणाची आहे ते पाहिलं. सरोज मॅडमची.

माझंच चुकत असणार, म्हणून चार वेळा करून पाहिलं. शेवटी कागद घेऊन गेले. आवाज इतका बारीक, की त्या म्हणाल्या, "मोठ्यानं."

मी वाचलं. त्यांनी कागद घेतला, स्वतः एकदा वाचला आणि तशाच उठून नितीनच्या टेबलाशी गेल्या.

"उद्याचं रिलीज थांबव. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला जातोय. चूक माझी. हिनं पकडली."

नितीननं रिलीज थांबवलं. मॅडमनी बोर्डाकडे बोट केलं. "ते नाव पूस. हिचं मूल साडेसहानंतर पाळणाघराच्या पायरीवर बसवणार आहेस का?"

मी त्यांना हे कधीच सांगितलं नव्हतं.

नितीननं नाव पुसलं. "पण मॅडम, सोमवारपासून फोनवर माणूस हवाच..."

"माझं लिही. आठवडाभर मी बसते."

"तुम्ही? अहो मॅडम, चूक बाहेर गेलीच नाही!"

"लिही म्हणते ना!"

सोमवारी दहाच्या ठोक्याला पहिला फोन वाजला. अख्खं ऑफिस टाइप करायचं थांबलं. मॅडमनी रिसीव्हर उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"बोला. चूक आमचीच असणार!"