राजाचा शेला

सातवीत असताना मी राजा होणार होतो, आणि त्या राजाच्या अंगात सदरा नव्हता. ही आफत मीच ओढवून घेतली होती, त्यामुळे चिडायचं तर कुणावर, हाही प्रश्नच होता.

आमच्या अंबरनाथच्या शाळेत संमेलनासाठी गुरुजींनी एक नाटुकलं लिहिलं होतं, वालधुनी नदीकाठचं शिवाचं देऊळ बांधणाऱ्या राजावर. पोशाख ज्याचा त्यानं घरी करायचा होता. मुलं अंगरखा, मंदिल, मोजड्या असं काहीबाही सुचवू लागली. मला चित्रकलेची जरा घमेंड होती. मी उठून म्हणालो, "गुरुजी, हे सगळं फार नंतरचं आहे. त्या काळची माणसं देवळाच्या भिंतीवरच कोरलेली आहेत. मी बघून काढून आणतो." गुरुजी इतके खूश झाले की राजाचं काम त्यांनी मलाच दिलं.

दोन रविवार मी वही घेऊन देवळाभोवती फिरलो. मुकुट, कंठा, बाजूबंद, कमरपट्टा, आखूड धोतर, सगळं बारकाईनं काढलं. आईनं मुकुटासाठी पुठ्ठा जमवला, ताईनं कंठ्यासाठी भोपळ्याच्या बिया रंगवून ओवल्या. सोमवारी वही चाळून गुरुजी वर्गासमोर म्हणाले, "शाबास. म्हणजे राजे उघडेच असायचे. आपणही तसंच करू, अगदी खरं." तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. दोन रविवार मी दागिन्यांचे मणी मोजत बसलो होतो आणि उघडी छाती मला दिसलीच नव्हती.

माझ्या छातीवर, डाव्या खांद्याच्या खाली, तळहाताएवढा पांढरा डाग होता. कोडाचा. आई रोज त्यावर बावचीचं तेल लावून मला मागच्या दारी उन्हात बसवायची, तेही गोणपाटाच्या आडोशाला. बाहेर जाताना माझ्या सदऱ्याचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं असायचं. त्यातून ताईचं बदलापूरला जमत आलं होतं. पसंती झाली होती, याद्या तेवढ्या व्हायच्या होत्या, आणि नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ माझ्याच वर्गात होता. नाटकात तोच माझा प्रधान. भावाला कोड आहे एवढं कळलं असतं की त्या घरानं ताईला नको म्हटलं असतं. हे आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी वडील कारखान्यातून आले, ऐकून घेतलं आणि दाराला कडी घातली. आई म्हणाली, "ताप आला म्हणून सांग." पण संमेलनाला अजून तीन आठवडे होते, इतका लांबलचक ताप आणायचा कुठून? काम सोडतो म्हणावं तर गुरुजी कारण विचारणार. शेवटी आईनं भस्म फासायचं काढलं, राजा शंकराचा भक्त म्हणून. लावून पाहिलं. राख वाळली, झडली आणि चोळल्यामुळे भोवतीची कातडी लाल होऊन डाग जास्तच उठून दिसायला लागला. आई राखेची परात पुढ्यात घेऊन रडत बसली. मला स्वतःचा इतका राग आला की ती वही चुलीत घालावीशी वाटली.

"एवढ्या मूर्ती आहेत," ताई म्हणाली, "एकाच्या तरी अंगावर शेला असेलच की."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं देवळात गेलो. भिंतीभोवती तीन फेऱ्या मारल्या. शेला कुणाच्याच अंगावर दिसेना. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात एक मूर्ती होती, पावसापाण्यानं इतकी झिजलेली की छाती आणि खांदे सपाट झाले होते. ताई तिच्यापुढे उभी राहिली. "हा बघ. डाव्या खांद्यावरून शेला."

"ताई, हा झिजलाय."

"तू काढ."

मी काढला. चुण्या काढल्या, काठ काढला, टोकाचे गोंडेसुद्धा काढले. इतकं मन लावून खोटं चित्र मी पुन्हा कधी काढलं नाही. येताना ताई मला उल्हासनगरला कॅम्पातल्या बाजारात घेऊन गेली. तिथल्या सिंधी कापडवाल्यानं कशाला हवंय ते विचारलं, आणि राजासाठी म्हटल्यावर हातातला तुकडा बाजूला ठेवून दुसरा काढला. "ये ले जाओ बेटी. वो कच्चा रंग है, पसीने में उतर जाएगा."

गुरुजींनी नवं चित्र बराच वेळ पाहिलं. "आधी कसा नाही रे दिसला?"

"कोपऱ्यात आहे, गुरुजी."

"मग शाळा सुटली की दाखव मला."

देवळापर्यंतचा तो रस्ता मी कसा चाललो, मला सांगता येत नाही. वाटेत कुठेतरी पडून हात मोडावा, म्हणजे सगळंच सुटेल, असं वाटत होतं. पण पडलो नाही. कोपऱ्यातली मूर्ती दाखवली. गुरुजींनी चष्मा पुसला, जवळ गेले आणि मूर्तीच्या खांद्यावरून खाली हात फिरवला. तिथे नुसता सपाट दगड होता. मग त्यांनी वहीतले गोंडे पाहिले आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मी सदऱ्याचा गळा मुठीत आवळून धरला होता, हे मला त्यांची नजर तिथे थांबल्यावर कळलं.

"आहे," गुरुजी म्हणाले. "शेला आहे. चांगल्या जाड कापडाचा कर. आणि दोन ठिकाणी टाचण्या लाव, सुटता कामा नये."

मी मान हलवली. परतताना ते मुकुटाबद्दल बोलत राहिले, पुठ्ठा ओला होऊ देऊ नकोस वगैरे. मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या मागून चालताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. घरच्या चौघांखेरीज आता आणखी एकाला कळलं होतं, आणि ताईच्या याद्यांना अजून नऊ दिवस होते.