एका चौकटीत दोन पाय

गिऱ्हाइकं तिला मापबाई म्हणत. वडिलांचं बुटांचं दुकान तिनं बाविसाव्या वर्षी हाती घेतलं, आता ती चोपन्नची होती. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वेळच झाला नाही."

दुकान अरुंद आणि लांबट. पुढे खिडकी, मागे म्हाताऱ्या कारागिराचं बाक. तयार बूट तिथे मिळत नसत. एक पाय आखूड असलेली, अपघातात बोटं गमावलेली, जन्मतःच पावलं वळलेली माणसं तिथे येत. मापबाई त्यांच्यापुढे जमिनीवर बसायची, त्यांचं पाऊल जाड कागदावर ठेवून भोवती पेन्सिलीनं रेघ ओढायची. आधी डावं, मग उजवं. कडेला बारीक अक्षरात टिपण असायचं: 'टाच पाऊण इंच उचलायची.' 'करंगळीला हात लावला की ओरडतो.'

असे चारशेवर माणसांचे कागद साठले होते. एखादा शोधायचा तर अर्धी सकाळ जाई, आणि तेवढ्यात फोनवर कुणीतरी पत्ता विचारत असे.

"मावशी, जग कुठे चाललंय आणि तू कुठे बसलीयेस!" भाची म्हणाली. ती एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला होती, कॉम्प्युटरवर तिचा हात चालायचा. "गिऱ्हाइकांची माहिती आणि वेबसाइट, दोन्ही सांभाळणारं सॉफ्टवेअर मिळतं. आपण एक निवडू."

दोघींनी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअरं पाहिली. पहिल्यात इतकी बटणं होती की मापबाईला घेरी आली. दुसरं सोपं होतं, पण त्यात वेबसाइट नव्हती. तिसऱ्या कंपनीचा विक्रेता फोनवर मोठ्या आपुलकीनं बोलला. "ताई, तुम्ही फक्त बूट करा. बाकी सगळं एकाच जागी, आमच्याकडे." मापबाईनं खूप प्रश्न विचारले. बाहेर पडायचं झालं तर काय, एवढं मात्र विचारलं नाही. लग्न ठरवताना कुणी काडीमोडाचं विचारतं का, असं ती पुढे म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात गाडी अडली. पायाच्या मापासाठी पडद्यावर एकच चौकट होती, आणि तीत एकच आकडा मावत होता.

"दुसरा पाय कुठे लिहू?" मापबाईनं विचारलं.

भाचीनं डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. प्रत्येक माणूस दोनदा भरायचा, एकदा डावा म्हणून, एकदा उजवा म्हणून. चार महिने दोघी बसून तेच करत होत्या. टिपणंसुद्धा उतरवली. मग कपाटं रिकामी केली आणि कसर लागलेले ते कागद रद्दीत गेले. त्या दिवशी मापबाईला हलकं हलकं वाटलं. वेबसाइटही चालू झाली. लांबच्या गावांहून लोक येऊ लागले, त्यांत वळलेल्या पावलांच्या मुलांच्या आया जास्त.

वर्षभरानं पोस्टमनकाका नवे बूट न्यायला आले. तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस, डावा पाय दीड इंच आखूड. कारागिरानं कॉम्प्युटरवरच्या मापानुसार बूट केले होते. काका ते घालून उभे राहिले आणि एकदम डावीकडे कलले. मापबाईनं धावत जाऊन त्यांना सावरलं.

"काय हो मापबाई," काका हसत म्हणाले, "माझा पाय या वयात वाढला की काय?"

तिला हसू आलं नाही. तिनं पडद्यावर त्यांचं नाव शोधलं. काका एकच होते. उजवे. मग तिनं दुसरं नाव पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळेच उजवे.

तिनं कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळानं एक मुलगी बोलली. "मॅडम, गेल्या महिन्यापासून एकाच फोन नंबरवर दोन नोंदी असल्या की सिस्टीम त्या आपोआप एक करते. जुनी नोंद जाते."

"अहो, तो डावा पाय होता!"

"पण तुम्ही एकच माणूस दोनदा का भरलात?"

"कारण त्याला पाय दोन आहेत!"

मग ती मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, गेलेलं परत येत नाही."

"मग माझं जे उरलंय ते द्या. मी जाते."

तेव्हा खरं काय ते कळलं. नाव आणि फोन नंबर मिळणार होते, टिपणं मिळणार नव्हती. वेबसाइटचा पत्ता कंपनीच्या नावावर होता. दुकानानं कंपनी सोडली की तो बंद. त्या लांबच्या आयांच्या हातात तोच पत्ता होता, दवाखान्यांतल्या चिठ्ठ्यांवरही तोच लिहिला होता.

मापबाई खुर्चीत बसून राहिली. खुर्ची पडद्यासमोर होती आणि पडदा भिंतीला टेकून होता. बत्तीस वर्षं आपण माणसांकडे तोंड करून बसलो, आता भिंतीकडे करून बसतो, हे तिला त्या क्षणी जाणवलं. नवा निरोप आला की पडदा 'टिंग' करी. तो आवाज आला की ती उठून कारागिराच्या बाकाकडे जायची.

भाची रविवारी आली ती रडवेली होऊन. "मावशी, माझ्यामुळे झालं गं."

"तू बटणं दाबलीस. 'हो' मी म्हटलं."

मापबाईनं एकेकाला फोन करून पुन्हा बोलावलं. काही आले. काहींचे नंबर बदलले होते, काही या जगात नव्हते. जे आले त्यांची मापं कागदावर घेतली. संध्याकाळी त्याच माणसांची नावं ती पडद्यावरही भरायची, कारण नोंदी थांबल्या तर वेबसाइटवर 'दुकान बंद' अशी पाटी झळकायची. मापाच्या चौकटीत ती सरसकट सात लिहू लागली. महिन्याभरात सॉफ्टवेअरनं सल्ला दिला: आपल्या दुकानात सात नंबरला प्रचंड मागणी आहे, साठा वाढवावा. कारागीर तो सल्ला वाचून खोकला येईपर्यंत हसला.

करार संपत आला तेव्हा मापबाईनं कंपनीकडे वेबसाइटचा पत्ता मागितला. उत्तर आलं, नियमात बसत नाही. भाची म्हणाली, "सोड ना. नवा पत्ता घेऊ. वर्ष-दीड वर्षात लोकांना कळेल."

"वर्ष-दीड वर्षात पोराचं पाऊल दोनदा वाढतं," मापबाई म्हणाली. "या मधल्या काळात कुणी दार ठोठावून परत गेलं तर?"

"म्हणजे तू अडकलीसच."

"अडकले. जाणूनबुजून अडकतेय, एवढंच."

तिनं आणखी दोन वर्षांच्या करारावर होकार दिला. त्याच दुपारी भाचीनं वेबसाइटचा एक नवा पत्ताही मावशीच्याच नावावर घेतला. त्या पानावर दुकानाचं नाव आणि फोन नंबर, एवढंच होतं. येणाऱ्या प्रत्येकाला मापबाई तो पत्ता चिठ्ठीवर लिहून देऊ लागली. पहिल्या महिन्यात त्या पत्त्यावरून एकच फोन आला, तोही चुकून लागलेला.