दोन हातांची गाठ

माझ्या थोरल्या दिराने, मनव्वरने, होकायंत्र बकरीच्या गळ्यात बांधलं होतं. त्याच्याविषयी सांगायचं तर मी इथूनच सुरुवात करते, कारण तो माणूस कसा होता ते यात सगळं आलं.

ते होकायंत्र मी माहेरून, समुद्रापलीकडच्या सफाक्स शहरातून आणलेलं. माझा भाऊ तिथल्या बंदरात मोठ्या बोटीवर होता. तो म्हणाला, "तुझ्या सासरचे लोक रात्री हात हलवत समुद्रात जातात, एवढं तरी दे त्यांना." मनव्वरने ते उलटंपालटं केलं, कानाला लावलं.

"टिकटिकसुद्धा करत नाही की गं हे."

"ते घड्याळ नाही. उत्तर दिशा दाखवतं."

"उत्तरेला जायचंय कुणाला? आम्ही आपल्या शेतात जातो आणि घरी येतो. तू स्वयंपाकघरात जाताना नकाशा घेतेस का?" मग तो अंगणात गेला आणि बकरीच्या पट्ट्यात ते अडकवून आला. "हिला उपयोग होईल. रोज संध्याकाळी वाट चुकते बिचारी."

सगळं गाव हसलं. विहिरीवर बायका मला विचारायच्या, "सालहा, बकरी आता मक्केकडे तोंड करून चरते का गं?" माझा नवरा तिजानीही हसला. त्याला मी त्या दिवशी जेवायला वाढलं नाही.

शेत म्हणजे समुद्रातलंच. आमच्या केर्केना बेटांभोवतीचा समुद्र इतका उथळ, की माणसं त्याचे वाटे करून वापरतात, बापाकडून मुलाकडे जातात ते वाटे. उन्हाळा सरला की प्रत्येक घर आपल्या वाट्यात खजुराच्या झावळ्या रोवून लांबच लांब कुंपण घालतं. ओहोटीबरोबर खोल पाण्याकडे निघालेला मासा कुंपणाला अडतो, त्याच्या कडेकडेने जात राहतो आणि टोकाच्या पिंजऱ्यात शिरतो. झावळ्या बांधायच्या गवताच्या दोरीने, आणि प्रत्येक घराची गाठ वेगळी. मनव्वर या गाठींवर हात फिरवून अंधारात वाट काढायचा. दिवा नाही, होकायंत्र नाही. एका लग्नात पोरांनी त्याचे डोळे बांधून घरोघरच्या दोऱ्या त्याच्या हातात दिल्या, तर त्याने सगळी घरं ओळखलीच, वर शेजारच्या बूजुमाच्या दोरीवर बोट ठेवून म्हणाला, "ही बांधली त्या दिवशी बायकोशी भांडला होता हा." बूजुमा लाल झाला, कारण खरंच भांडला होता.

तिजानीला त्याने हेच शिकवलं. "धुकं आलं तर कुंपणाला हात लाव. भरतीचं पाणी घराकडे येतं, त्याच्याबरोबर ये. कुंपण खोटं बोलत नाही." मी तेव्हाच म्हटलं होतं, की कुंपणाला दोन टोकं असतात. पण सफाक्सहून आलेल्या बाईचं कोण ऐकतो? पालथ्या घड्यावर पाणी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझ्या सासऱ्यांना समुद्राने नेलं तेव्हा मनव्वरला मिसरूड फुटत होतं आणि तिजानी पाळण्यात होता. सासरे सापडले नाहीत. इथली रीत अशी, की समुद्राने नेलेल्या माणसाची गाठ त्याच्याबरोबर जाते. घराने ती पुन्हा मारायची नाही, आणि तो जिथे गेला त्या वाट्यात पुन्हा कुंपण घालायचं नाही. मनव्वरने घराला नवी गाठ दिली, एक फेरा आणि पीळ, सोपी. जुनी कशी होती ते मी एकदा सासूला विचारलं. त्यांनी दार लावलं, कमरेच्या नाडीने ती मला मारून दाखवली आणि लगेच सोडली. तीन फेरे, शेपूट आतून उलटं काढलेलं. एका हाताने फेरे धरून ठेवायचे, दुसऱ्याने शेपूट ओढायचं. "दोन हातांची गाठ आहे ही," त्या म्हणाल्या. "तिजानीला कधी दाखवू नकोस." मी दाखवली नाही.

आता सांगतेय त्या रात्री मनव्वरची पाठ धरली होती, म्हणून तिन्हीसांजेला पिंजरा रिकामा करायला तिजानी एकटा गेला. तो गेला आणि दक्षिणेकडून धुकं आलं. दमट, कोमट धुकं, ओलं कांबळं तोंडावर टाकल्यासारखं. समोरच्या घराचा दिवा दिसेना. जेवणाची वेळ टळली तेव्हा आम्ही बायका खलबत्ते घेऊन किनाऱ्यावर बसलो आणि कुटायला लागलो. रिकामा पितळी खल वाजवला की आवाज लांब जातो, होडीवाल्याला किनारा कळतो. मी हात दुखेपर्यंत वाजवला. कोणी आलं नाही.

मध्यरात्र उलटल्यावर पाण्याबरोबर तिजानीची होडी ढकलायची काठी दक्षिणेच्या किनाऱ्याला लागली आणि पुरुष दिवे घेऊन तिकडे धावले. मनव्वर वाकलेला, भिंत धरत आला आणि म्हणाला, "काठी वाहते. माणूस कुंपण धरतो. बूजुमाची होडी काढ, सालहा. काठी तुला मारावी लागेल, माझ्याने उभं राहवत नाही."

"दिवा?"

"दिव्याने धुकंच दिसतं."

त्याचं हे खरं होतं. दिवा लावून बघितला तर मला माझेच हात पांढरे दिसले, प्रेताचे असावेत तसे. मी तो विझवला.

मनव्वर होडीच्या नाळेवर पालथा पडला आणि हात बाहेर काढून झावळ्यांवर फिरवू लागला. मी मागे उभी राहून काठी मारत होते. तो मला दिसत नव्हता, फक्त त्याचा आवाज यायचा. "बूजुमा." बऱ्याच वेळाने, "जारियाचं घर. मुलीने बांधलंय, सैल आहे." मग, "आपलं."

"आता कुठे?" मी विचारलं.

त्याने पाण्यात हात घातला. भरती सुरू झाली होती, पाणी घराकडे चाललं होतं.

"मनव्वर, कुठे?"

"तिजानी निघाला तेव्हाही भरतीच होती," तो म्हणाला. "पाण्याबरोबर ये असं मी त्याला सांगितलेलं."

"आणि मधे पाणी फिरलं असेल तर?"

माझ्या तोंडून ते सहज गेलं, पण गेल्यावर आम्हा दोघांनाही कळलं. धुक्यात किनारा दिसत नाही, त्यामुळे भरती कधी संपली आणि ओहोटी कधी लागली हे कोण सांगणार? तिजानीने कुंपणाला हात लावला असेल, पाणी एका बाजूला जातंय हे बघितलं असेल आणि मोठ्या विश्वासाने त्याच्याबरोबर गेला असेल. खोल समुद्राकडे.

"मग मासा जातो तिकडे," मनव्वर इतक्या हळू म्हणाला, की मला वाटलं स्वतःशीच बोलला. "मार काठी. पिंजऱ्याकडे."

आम्ही खोल पाण्याच्या दिशेने गेलो. मागे खल वाजत होते. थोड्या वेळाने ते उजवीकडे वाजायला लागले, मग समोर. मी घाबरले, म्हटलं आपण उलटे फिरलो, पण मनव्वर म्हणाला की त्याचा हात कुंपणावरच आहे. म्हणजे समोरून कोण वाजवत होतं? "ऐकू नकोस," तो म्हणाला. "धुकं आवाज फिरवतं." तो घाबरला होता. इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर आवाजातलं तेवढं कळतं.

मग हाक आली.

"मनव्वर..."

डावीकडून. डावीकडे आमच्या कुंपणापलीकडे कोणाचंच काही नव्हतं. तो सासऱ्यांचा वाटा होता, इतकी वर्षं मोकळा पडलेला, फक्त पिंजऱ्याचे जुने खांब पाण्यात उभे. मी तोंड उघडलं तेवढ्यात मनव्वरने कुंपण न सोडता सरपटत येऊन मला खाली ओढलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. इथे रात्री पाण्यावर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, दुसऱ्याही नाही. बुडालेली माणसं दोनदाच हाक मारू शकतात असं म्हणतात. तिसऱ्यांदा मारेल तो जिवंत.

"मनव्वर..."

म्हाताऱ्या माणसासारखा घोगरा, पाण्याने भरलेला आवाज. आम्ही तिसऱ्या हाकेची वाट बघितली. पाणी होडीला लागून चुळचुळ करत होतं. तिसरी हाक आली नाही. मी थांबले, आणखी थांबले, आणि मनव्वर पुटपुटला, "बाबा आहेत. चल इथून."

मी त्याच्या हाताला कडकडून चावले.

"आग लागो तुमच्या तिसऱ्या हाकेला!" मी ओरडले. "माणसात दम उरला नसेल तर काय मोजत बसायचं? तिजानी! ए तिजानी!"

मग लाकडावर ठोकल्याचा आवाज आला. एकदाच, अगदी मऊ.

तिकडे जायचं म्हणजे कुंपण सोडायचं. धुक्यात सोडलेलं कुंपण परत सापडत नाही, हे मनव्वरनेच सगळ्या गावाला शिकवलेलं. तो पुन्हा नाळेवर गेला. मला दिसलं नाही, पण हात सुटल्यावर झावळी मागे सळसळली ती ऐकू आली. मी आवाजाच्या दिशेने काठी मारत गेले. मधल्या एका चरात तळ लागेना, काठी जवळजवळ पूर्ण आत गेली, मग पुन्हा तळ लागला. मग नाळ एका खांबावर आपटली.

चाचपल्यावर कळलं, तिजानीने नेलेली आमची होडी तिथे उलटी पडून खांबांत अडकली होती आणि तिच्या काठाखाली तिजानीचा पाय. ओहोटीला तो छातीएवढ्या पाण्यात उभा असणार. आता पाणी हनुवटीला लागलं होतं, मान मागे कलंडलेली, शुद्ध अर्धवट. उजवा हात मात्र वर होता, मनगट खांबाच्या डोक्याला दोरीने घट्ट बांधलेलं. त्या हातावरच तो लोंबकळत होता. दोरी नसती तर तो केव्हाच खाली गेला असता.

मी पाण्यात उतरले, खांब धरून होडीखाली काठी घातली आणि सगळा जोर लावला. पाय सुटला. मनव्वर वरून दोरीशी झटत होता, आणि मग एकदम थांबला.

"सोड ना! सुरी आहे तुझ्याकडे, काप!"

त्याने कापली नाही. त्याची बोटं गाठीवर फिरत होती, पुन्हा पुन्हा, ओळखीच्या माणसाचा चेहरा चाचपावा तशी. मी हात लावला तेव्हा मलाही कळलं. तीन फेरे, शेपूट आतून उलटं. मनव्वरने ती उलगडली, दोरी न तोडता.

तिजानीला आम्ही होडीत ओढलं. मी माझी चादर त्याला गुंडाळली, तळवे चोळले. दातावर दात वाजत होते त्याचे. मग तो बोलला.

"किती उशीर लावलास, मनव्वर."

"पडून राहा," मनव्वर म्हणाला.

"बांधलंस आणि गेलास तो गेलासच. म्हणालास, धीर धर, होडी येतेय. मी दोन हाका मारल्या, मग आवाजच फुटेना." तो चादरीत आणखी शिरला. "हात किती गार होते रे तुझे."

मी काहीतरी बोलणार होते. काय, ते देवाला ठाऊक. मनव्वरने अंधारात माझं मनगट धरलं. पाठीच्या दुखण्याने ताप भरला होता त्याला. त्याचा हात भट्टीतल्या पावासारखा गरम होता.

"होडी आणायला गेलो होतो," तो तिजानीला म्हणाला. "धुक्यात वेळ लागला."

उजाडेपर्यंत त्याने होडी हलवू दिली नाही. तिजानीच्या मनगटावरून सोडलेल्या त्याच दोरीने त्याने ती खांबाला बांधली, आणि कोणती गाठ मारली ते मी विचारलं नाही. सकाळी धुकं विरलं तेव्हा किनारा आमच्या पाठीमागे होता. रात्रभर मी ज्या बाजूला किनारा समजून बघत बसले होते, तिकडे नुसता मोकळा समुद्र होता.

घरी आल्यावर मनव्वरने आधी बकरी धरली. होकायंत्राची काच फुटली होती आणि आत लेंडी अडकली होती. दुसऱ्याच आठवड्यात तो बोटीने सफाक्सला गेला, माझ्या भावासमोर टोपी काढून बसला आणि म्हणाला, "उत्तर म्हणजे काय ते मला लहान मुलाला शिकवतात तसं शिकव." तेव्हापासून त्याच्या गळ्यात नवं होकायंत्र असायचं. पोरं बें-बें करून चिडवायची. तो कोणाला रागावला नाही, आणि त्याच्या होडीवर दिव्याशिवाय, होकायंत्राशिवाय कोणी चढलं तर कान धरून खाली उतरवायचा. हाकांचं मात्र त्याने वेगळंच ठरवलं. म्हणायचा, पहिल्याच हाकेला ओ द्या, मग कोणी का असेना.

मागच्या हिवाळ्यात तो गेला, आपल्या अंथरुणात, मीच त्याच्या तोंडात पाणी घातलं. दुखवट्याला माणसं आली की तिजानी अजून ती रात्र सांगतो. भाऊ पोहत आला, मला खांबाला बांधलं आणि होडी आणायला परत गेला, असा भाऊ कोणाला मिळतो, असं म्हणून रडतो. मग माझ्याकडे वळतो. "हो ना, सालहा? तू होतीस त्याच्याबरोबर."

"होते," मी म्हणते.

"गाठ कशी मारली होती त्याने, ते मला कधी शिकवलं नाही बघ," तो म्हणतो, आणि उजवं मनगट पुढे करून दुसऱ्या हाताने हवेत फेरे घेत राहतो. एका हाताने ती त्याला जमत नाही.