राहत्या घरून अल्बम

अकोल्यात डाबकी रोडच्या बाजूला देवीदास गिऱ्हेचा ऑटो गल्लीत वळला, की बायका आधी कुकरखालचा गॅस बारीक करत, मग टीव्हीचा आवाज बंद करत आणि दारात येऊन शेजारणीला विचारत, "कोन गेलं वं?" ऑटोच्या टपावर भोंगा, देवीदासच्या एका हातात हँडल, दुसऱ्या हातात माईक. "कळविण्यात अत्यंत दुःख होते की..." एवढं ऐकूनच अर्ध्या गल्लीचे डोळे भरून यायचे. उरलेली अर्धी गल्ली नाव ऐकून मग ठरवायची.

तसा देवीदास या धंद्यात मेलेल्या माणसांसाठी आला नव्हता. सर्कस, लुगड्यांचा सेल, पोलिओचा डोस, जे मिळेल ते तो सांगत फिरायचा. पण देवाने गळाच असा दिला होता की त्यातून आनंद बाहेर निघताना वाटेत कुठेतरी आजारी पडायचा. एका कापड दुकानाचा सेल त्याने दिवसभर ओरडून सांगितला, तर संध्याकाळी माणसं दुकानात येऊन मालकाच्या पोराचं सांत्वन करून गेली. मालक गल्ल्यावरच बसलेला होता. निवडणुकीत एका उमेदवाराने त्याला प्रचाराला लावलं आणि पहिल्याच दुपारी हात जोडले. "देवीदास भाऊ, मले आधी निवडून त येऊ दे!"

शेवटी देवीदासनेही ओळखलं की आपल्या गळ्याचं गिऱ्हाईक कोण आहे. तेव्हापासून गावात कोणी डोळे मिटले, की डॉक्टरनंतर फोन देवीदासला. काम मात्र तो मन लावून करायचा. शेठजी असो की हमाल, नाव तेवढंच सावकाश घ्यायचा. पण घरी त्याचे हाल होते. "मीठ संपलं," एवढं म्हणाला तरी बायकोच्या, केशरबाईच्या, काळजात धस्स व्हायचं. पुतण्याच्या लग्नात त्याने हौसेने माईक घेतला, तर नवरीकडच्यांनी तो अदबीने काढून घेतला आणि त्याच्या हातात जिलबीचं ताट दिलं. जिलबी त्याने खाल्ली, पण तो अपमान काही पचला नाही. एकदा, निदान एकदा तरी, आपला आवाज ऐकून माणसं हसत घराबाहेर यावीत, एवढंच त्याला हवं होतं.

या माणसाला गुरू मानणारा जगात एकच जीव होता. थोरल्या भावाची, सूर्यभानची पोरगी, आचल. सूर्यभानचा भाजीचा ठेला. आई-बाप बाजारात गेले की पोरगी काकाच्या ऑटोत. चार वर्षांची असताना ती मागच्या सीटवर उभी राहून "दुःखद निधन, दुःखद निधन" असं टाळ्या वाजवत, चालीवर म्हणायची. त्यासाठी तिने आईचा मार खाल्ला, पण चाल चांगली होती, हे मारणाऱ्या आईनेही कबूल केलं.

तीच आचल सोळाव्या वर्षी गाण्याने गाजली. बापाच्या ठेल्यावर बसून तिने एक गाणं रचलं, 'भाव खाते भेंडी'. पावसाळ्यात महाग झालेली भेंडी स्वतःला कोण समजते, वांग्याकडे कशी बघत नाही आणि शेवटी कढईत कशी सरळ होते, अशी त्यात सगळी गंमत. मैत्रिणीने मोबाइलवर ते टाकलं आणि महिनाभरात कॉलेजातली पोरं, रिक्षावाले, वरातीतले बँडवाले, सगळे भेंडीच्या मागे लागले. पुण्याची एक कंपनी आली. तिने आचलकडून पाच गाणी गाऊन घेतली आणि अल्बम काढायचं ठरवलं. कंपनीचा नितेश नावाचा पंचविशीतला पोरगा अकोल्यात येऊन राहिला. तो म्हणाला, "अल्बम तुमच्या अंगणातच रिलीज करू. घरगुती वाटलं पाहिजे. प्रमोशनचं आम्ही बघतो."

"अकोल्यातलं माये काका पाहतीन," आचल म्हणाली. "मले ओरडाले त्याइनंच शिकवलं."

देवीदासचा ऊर भरून आला. रात्रभर त्याने आरशासमोर हसून बोलायचा सराव केला. केशरबाई अंथरुणातून म्हणाली, "दात नोका दाखवू, मले भेव लागते." सकाळी आंघोळ करून, भोंग्याला केशरबाईने ओवलेला झेंडूचा हार घालून तो निघाला. 'दुःख'ऐवजी 'आनंद' म्हणायचं, हे त्याने घोकून ठेवलं होतं आणि तो चुकलाही नाही. पण बाकीचं वाक्य जिभेला पाठ होतं. त्याला कोण आवरणार?

"कळविण्यात अत्यंत आनंद होतो की, डाबकी रोड येथील रहिवासी सूर्यभान गिऱ्हे यांची कन्या कुमारी आचल, वय वर्षे सोळा, हिचा अल्बम उद्या सकाळी दहा वाजता राहत्या घरून निघणार आहे."

आता 'कळविण्यात अत्यंत' ऐकल्यावर पुढचा शब्द कोण ऐकतो? गल्लीने ऐकलं ते एवढंच: आचल, वय सोळा, उद्या दहा वाजता, राहत्या घरून निघणार. हार तर भोंग्यालाच लटकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभानच्या अंगणात नितेशने फुगे लावले होते आणि गल्लीच्या तोंडाशी बायकांनी गळा काढला होता. पांढऱ्या टोप्या घालून माणसं येत होती. एकाने बांबू आणले होते. फुगे बघून एक म्हातारा पुटपुटला, "आजकाल काय काय करतीन." एवढ्यात आचल डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात आली. "कोन मेलं वं?" तिने विचारलं. सगळ्यात पुढे रडणाऱ्या बाईने तिच्याकडे बोट दाखवलं. "तू!"

"बाप्पा!" आचल म्हणाली. "मले त कोनं सांगतलंच नाई!"

नितेशच्या मोबाइलमध्ये हे सगळं टिपलं गेलं आणि दुपारपर्यंत महाराष्ट्रभर पसरलं. भेंडी पुण्या-मुंबईच्या तोंडी गेली. सगळे हसले, बांबूवालाही हसला. हसला नाही तो फक्त देवीदास. आपल्या आवाजाने पोरीच्या दारात रडारड झाली, याची त्याला लाज वाटत होती. तो दोन दिवस जेवलाही नाही.

तिसऱ्या दिवशी नितेश पेढे घेऊन आला. "काका, कमाल केलीत! रविवारी अमरावतीत आचलचा पहिला मोठा कार्यक्रम आहे, आणि निम्मी तिकिटं पडून आहेत. हेच तिकडे परत करू. या वेळी मुद्दाम. राजकमल चौकात तुम्ही सरळ निधनाचंच सांगायचं. लोक गोळा झाले, की आचल ऑटोतून उडी मारून गायला लागेल."

"काका, मजाक हाये न," आचल त्याच्या गळ्यात पडली. "हॉल नाई भरला त माही नाचक्की होईन. तुमीच बोलाल त लोक थांबतीन."

सूर्यभान म्हणाला, "बोलून टाक. बोलल्यानं काय होते?"

केशरबाई मात्र दाराआडून म्हणाली, "वास्तू तथास्तु म्हनते." कोणी लक्ष दिलं नाही. देवीदासने दिलं, पण आचलला नाही म्हणणं त्याच्या बापजन्मात जमणार नव्हतं.

रविवारी कंपनीच्या गारेगार गाडीत तो भोंगा मांडीवर घेऊन बसला आणि मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला पोचला. तिथे भाड्याचा ऑटो तयार होता. टपावर भोंगा बांधला. ड्रायव्हरशेजारी देवीदास, मागे पडद्याआड आचल. रस्त्यापलीकडे मोबाइल धरून नितेश. राजकमल चौकात दुपारची गर्दी. नितेशने अंगठा वर केला.

देवीदासने माईक तोंडाजवळ घेतला. "कळविण्यात अत्यंत दुःख होते की..."

आवाज लागला होता. अमरावतीत त्याला कोणी ओळखत नव्हतं, तरी दोन स्कूटर थांबल्या. फळवाल्याने कापलेली पपई तशीच हातात धरली. "कुमारी आचल सूर्यभान गिऱ्हे, वय वर्षे सोळा..." आणि त्याची नजर ऑटोच्या आरशात गेली. पडद्याच्या फटीतून आचल दिसत होती. ती द्रोणातला दह्यात बुडवलेला गिलावडा खात होती आणि तिच्या हनुवटीला दही लागलं होतं.

देवीदास घाबरला. आजवर त्याने नाव घेतलेलं एकही माणूस परत आलं नव्हतं. खोटं कसं बोलायचं, हे त्याला माहीत होतं, निवडणुकीत तो बोललाही होता. पण हे नाव आणि पुढचे दोन शब्द एका दमात बाहेर काढायला त्याची जीभ वळेना. भोंगा नुसता शिट्टी मारत राहिला. नितेश दुरून हात हलवून 'बोला, बोला' करत होता.

"...ही जिती हाये," देवीदास म्हणाला.

चौक त्याच्याकडे बघत होता. थांबलेल्या लोकांना पुढे काहीतरी सांगणं भागच होतं.

"सोळा वर्षांची हाये. सकायपासून दोन गिलावडे खाल्ले. आता तिसरा खाऊन राह्यली. तबेत चांगली हाये. संध्याकायी सात वाजता गानार हाये. लेकरंबाकरं घेऊन या."

सांगताना त्याचा आवाज चिरकला. गळा तोच, रडवा, पण पपईवाला हसायला लागला. स्कूटरवरची बाई आधी पदर डोळ्यांना लावून बसली होती, तीही हसली. म्हणाली, "बरं झालं माय, चांगली बातमी देल्ली."

नितेशने मोबाइल खाली केला. त्याचा सगळा बेत फसला होता. पडदा सरकवून आचल पुढे आली. "काय केलं काका? अशी कुठं जाहिरात असते का? मी जिती हाओ, हे काय लोकाइले सांगाची गोष्ट हाये?"

"इतकी वर्सं झाली, जिता हाये म्हनून सांगाले कोनंच नाई लावलं मले," देवीदास म्हणाला. माईक चालूच होता, त्यामुळे हेही सगळ्या राजकमल चौकाने ऐकलं. "म्या म्हटलं, आपल्याच पोरीपासून सुरू करू."

आचलने ओढणीने हनुवटीचं दही पुसलं आणि त्याच्या पाठीला डोकं टेकवून बसली. रडत होती की हसत होती, हे पाठीला कळत नव्हतं. मग ती ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, आता इर्विन चौकात घ्या. तिथल्या लोकाइले अजून माईत नाई."